टॅलमनचा दहावा सामना

बेसमेंटमध्ये कागद ठेवू नकोस, असं शोभनाकाकूंनी मला ऑक्टोबरातच सांगितलं होतं. त्या बोलता बोलता कोथिंबीर निवडत होत्या आणि मी माझ्या लेकीच्या, शिवांगीच्या, तोंडातून बटण काढत होते, त्यामुळे मी नुसतं 'हो हो' म्हटलं. काकूंना इथे, शिकागोजवळच्या नेपरव्हिलमध्ये, येऊन तीस वर्षं झालीत, आणि त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीबद्दल एक सूचना तयार असते. एक नोव्हेंबरच्या आधी बागेचा नळ बंद कर, गराजमध्ये बटाटे ठेवू नकोस, पोस्टमनला कुत्र्याचं नाव सांगून ठेव. आमच्याकडे कुत्रा नाही. यातली कुठली खरी धरायची? एरवी मी कशालाही घाबरते. द्राक्षं उभी चिरून देते, प्लगच्या भोकांना झाकणं लावते, शिवांगी दुपारी जास्त वेळ झोपली तर नाकाखाली बोट धरून बघते. नेमकी ही एकच सूचना मी सोडून दिली, आणि त्याचं कारण मला नंतर सापडलं. नागपूरला आमच्या घरात पाणी यायचं ते वरून, गच्चीतून झिरपून. ते जमिनीतून वर येतं, हे माझ्या अंगात मुरलेलंच नव्हतं. अपार्टमेंटमधून पहिल्यांदा टाउनहाउसमध्ये आलेली आम्ही माणसं. आमच्या दृष्टीने बेसमेंट म्हणजे माळा, फक्त खाली आलेला. म्हणून जे जे जपायचं ते आम्ही खाली नेऊन ठेवलं: लग्नाचे अल्बम वरच्या फळीवर, मोठ्या सुटकेसेस, घडी केलेला पाळणा, आणि जमिनीवर, सुटकेसच्या शेजारी, आमचे शेजारी मिस्टर व्हिटलो यांचं खोकं.

मार्चमधला मंगळवार होता. माझा नवरा संग्राम शॉमबर्गला ऑफिसात पोचला होता, शिवांगी सोफ्यावर टीव्हीसमोर बसली होती, आणि मी कपड्यांची बास्केट घेऊन खाली उतरले. शेवटच्या पायरीवरून पाय टाकला तर मोजा ओला झाला. घडलं ते एवढंच. पण ते मेंदूपर्यंत पोचायला केवढा वेळ लागला. आधी वाटलं, शिवांगीने दूध सांडलं असेल. मग आठवलं, ती इथे येतच नाही, बेसमेंटच्या दाराला मी उंचावर कडी लावून घेतली आहे. मग दुसरा पाय टाकला, आणि पायाखालचं कार्पेट भिजवलेल्या पोह्यांसारखं दबलं. कोपऱ्यातल्या खड्ड्यात एक पंप असतो, जमिनीखाली साचलेलं पाणी उपसून बाहेर टाकणारा. तो घरघरत होता. घरघरतोय म्हणजे चालू आहे, चालू आहे म्हणजे पाणी असायला नको, असं मी स्वतःला दोनदा समजावलं. (बाहेरच्या पाइपाचं तोंड बर्फाने बुजलं होतं, आणि पंपाने उपसलेलं पाणी भिंतीपाशी साठून परत आत मुरत होतं. हे दुपारी कळलं.) तोवर माझी नजर खोक्याकडे गेली होती. त्याचा पुठ्ठा खालून चार बोटं काळा झाला होता, आणि ती काळी रेघ वर चढतेय असं मला वाटत राहिलं. मी बास्केट हातात धरून तशीच उभी. वरून कार्टूनमधल्या कुणाचं तरी हसू येत होतं.

खोक्यात एका फुटबॉल टीमचा एकोणीसशे पन्नासचा सीझन होता. इथला फुटबॉल, म्हणजे हातात धरून पळायचा. टेनेसीत टॅलमन नावाचं एक लहानसं कॉलेज होतं, काळ्या मुलामुलींचं. दुसऱ्या कॉलेजांत त्यांना घेतच नसत, आणि घेत नसत ते कायद्याने. ते कॉलेज आता बंद पडून वीस वर्षं झालीत. त्याची टीम त्या वर्षी दहा सामने खेळली. नऊ जिंकली, याबद्दल कुणाचा वाद नाही. दहावा सामना डिसेंबरात लुइझियानात झाला, आणि त्याचा निकाल वर्तमानपत्रात सहा-सहा, बरोबरी, असा छापून आला. कारण वार्ताहर सामना संपायच्या तीन मिनिटं आधी ट्रेन पकडायला निघून गेला. टॅलमनने सामना बारा-सहाने जिंकला तो त्या तीन मिनिटांत. छप्पन्न वर्षं छापलेलं तेच खरं मानलं गेलं. आणि आता जुन्या विद्यार्थ्यांची कमिटी मैदानाच्या भिंतीवर पितळी पाटी लावणार होती. एकतीस मार्चपर्यंत पुरावा आला तर 'दहा विजय', नाहीतर 'नऊ विजय, एक बरोबरी'. पुरावा म्हणजे टीमची स्कोअरची वही. एका खेळाडूच्या विधवेने ती माळ्यावरून काढून मिस्टर व्हिटलोंना पाठवली होती, मिस्टर व्हिटलोंनी ती स्कॅन करायला मला दिली होती, आणि मी ती पाण्यात ठेवली होती.

हे लिहितानाही माझा हात मागे येतो. स्कॅन करायला एक दिवस पुरला असता. मी अडीच महिने लावले. मी स्टॅटिस्टिक्समध्ये एम.एस्सी. केलंय, विद्यापीठात दुसरी आले होते. इथे संग्रामच्या व्हिसाला माझा व्हिसा जोडलेला, त्यावर मला काम करता येत नाही. जानेवारीत मिस्टर व्हिटलो खोकं घेऊन दारात उभे राहिले आणि म्हणाले, "मिस सुमेधा, तुमच्यासारख्या शिकलेल्या बाईंना माझं एक काम करायला वेळ आहे का?" तेव्हा तीन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला काम दिलं होतं. ते मला संपवायचं नव्हतं. रोज दुपारी शिवांगी झोपली की मी वही वर आणायची, पानं बघायची, एक तक्ता करायची, कुणी किती यार्ड पळालं, कुठल्या क्वार्टरमध्ये, आणि पुन्हा नीट पॅक करून खाली ठेवायची. खाली, कारण वर शिवांगीचे हात सगळीकडे पोचतात. म्हणजे मी वही माझ्या मुलीपासून जपत होते.

मिस्टर व्हिटलो आमच्या शेजारच्या घरात मुलीकडे राहतात. शिकागोच्या एका शाळेत पस्तीस वर्षं त्यांनी सुतारकाम शिकवलं. पंचाहत्तरी उलटलेली, खांदे अजून दारात मावत नाहीत असे. आम्ही नवीन होतो तेव्हा, नोव्हेंबरात, एकदा मी ओट्यापाशी उभी असताना ते मला आमच्या मागच्या अंगणात दिसले. वाकून घराच्या भिंतीकडे बघत होते. मी मागचं दार लॉक केलं, शिवांगीला उचललं आणि संग्रामला फोन लावला. "एक माणूस आहे मागे," म्हटलं. "कोण?" तो म्हणाला. मी म्हटलं, "काळा आहे." नाव मला माहीत होतं. आदल्याच आठवड्यात त्यांनी आमची कचऱ्याची पेटी वाऱ्यातून परत आणून दिली होती. तरी तोंडून नाव आलं नाही, तेच आलं. थोड्या वेळाने ते निघून गेले. ते पाइपाचं तोंड बघत होते, पहिल्या बर्फाआधी सगळ्या शेजाऱ्यांचे पाइप बघायची त्यांना सवय आहे, हे मला मार्चमध्ये कळलं. दार लॉक केल्याचा आवाज त्यांना ऐकू गेला असेल का? आमच्या दारावर बेल वाजवून त्यांनी 'तुमचा पाइप फार आखूड आहे' असं का सांगितलं नाही, याचं उत्तर तो आवाज आहे का? मी हा प्रश्न त्यांना विचारलेला नाही. विचारणारही नाही, असं वाटतं. तो माझ्याकडेच राहील.

त्यांनी मला खेळ शिकवला तो शेंगदाण्यांवर. आमच्या डायनिंग टेबलवर अकरा शेंगदाणे एका बाजूला, अकरा हरभरे दुसऱ्या बाजूला, मध्ये रेघ म्हणून एक चमचा. "हे टॅलमन," शेंगदाण्यांकडे बोट दाखवून ते म्हणाले. "आणि हा मी. लेफ्ट गार्ड." तो दाणा बाकीच्यांसारखाच होता. मी विचारलं, गार्डने करायचं काय? "समोरच्याला बाजूला सारायचं. वाट करून द्यायची. मागून दुसरा कुणीतरी बॉल घेऊन त्या वाटेने जाणार, आणि लोक त्याचं नाव ओरडणार." "आणि तुम्ही?" "मी तोवर चिखलात पडलेला. पूर्ण सीझनमध्ये बॉलला माझा हात लागला नाही, मिस सुमेधा. एकदा लागला होता, तर पेनल्टी झाली." माझ्या मनात सारखी कबड्डी येत होती, साखळी धरून उभे राहिलेले कोपऱ्यातले दोघे, ज्यांची नावं कॉलेजच्या नोटीसबोर्डावर कधी लागत नसत. मी ते सांगायला तोंड उघडणार इतक्यात शिवांगीने हात घालून एक दाणा खाल्ला. "झालं," मिस्टर व्हिटलो गंभीरपणे म्हणाले. "लेफ्ट टॅकल गेला, माझ्या शेजारचा. आता मला दोघांचं काम." ती त्यांना आबा म्हणते. मीच शिकवलं. संग्रामचे वडील तिने पाहिलेले नाहीत, आणि 'मिस्टर व्हिटलो' तिच्या तोंडात मावत नव्हतं.

ते टीमच्या बसप्रवासाचं सांगायचे ते असंच, खेळातल्या गंमतीसारखं. चारशे मैल बस चालायची, आणि वाटेत एकाही हॉटेलात त्यांना बसू देत नसत, म्हणून कॉलेजच्या स्वयंपाकघरातून तळलेलं चिकन आणि पाव खोक्यांत बांधून यायचे. पेट्रोल भरायला थांबलं तरी संडास वापरू देतील याची खात्री नाही. मुक्काम दुसऱ्या काळ्या कॉलेजच्या वसतिगृहात, एका खाटेवर दोघे. "गार्डबरोबर कुणी झोपायला तयार नसे," ते म्हणाले. मी हसले. हसताना मला त्या मागच्या दाराच्या लॉकचा आवाज आला, आणि मी चहा ठेवायला उठले.

त्या मंगळवारी ओली वही वर आणून संग्रामला फोन केला तर तो म्हणाला, "रिलॅक्स, यार. ओव्हनमध्ये ठेव ना, दोनशेवर." मी फोन ठेवून दिला आणि शोभनाकाकूंना लावला. त्या अर्ध्या तासात आल्या, पाणी ओढायचं मशीन गाडीत घालून, आणि काखेत जुन्या सुती साड्यांचं गाठोडं. काकू आल्या आल्या बूट न काढता खाली गेल्या, बघून वर आल्या.

"सांगितलं होतं का नव्हतं?"

"सांगितलं होतं, काकू."

"मग?"

"मला वाटलं, तुम्ही उगाच घाबरवताय."

"तुला घाबरवायला दुसरं माणूस कशाला लागतं? तू एकटी पुरेशी आहेस. गाठोडं सोड. पंखे आहेत का घरात? सगळे लाव. आणि ते हीटर बारीक कर, वाळवण आहे हे, भाजायचं नाहीये."

वाळवण. तो शब्द त्या घरात पडला आणि माझे हात सुटे झाले. तोपर्यंत मी वही उराशी धरून बसले होते, उघडायचं धाडस होत नव्हतं. काकूंनी हॉलमध्ये साड्या अंथरल्या, एक निळी, एक कैरीच्या रंगाची, काठ विरलेल्या. वहीची शिवण ओली होऊन आपोआप सुटली होती. आम्ही पानं एकेक करून, खाली पेपर टॉवेल सरकवत, उचलत होतो. ओला कागद उचलणं म्हणजे ओली कुरडई उचलण्यासारखंच, घाई केली की फाटणार. काकू सांगत होत्या, "कड सुटेपर्यंत हात लावायचा नाही. कड सुटली की उलटायचं. पुरतं वाळलं की वर वजन, नाहीतर वाकडं होईल." बाहेर बर्फ वितळून गटारात जात होता, सूर्य नावालाच होता, आणि आम्ही दोघी नेपरव्हिलच्या हॉलमध्ये मार्चात वाळवण घालत होतो. शिवांगीला कडेवर घेऊन मी दुसऱ्या हाताने काम करत होते, कारण तिला खाली सोडलं की ती पानांवरून चालणार.

आणि पहिली तीन पानं गेली होती. तीन सामने शाईने लिहिलेले. शाई पसरून नुसते निळे ढग झाले होते, मध्ये कुठेतरी एखादा आकडा, पाण्यात बुडणाऱ्या माणसाच्या बोटासारखा. मी ते बघितलं. बाळंतपणात डॉक्टरांनी बाळाच्या हृदयाचे ठोके ऐकायला मशीन लावलं होतं आणि अर्धं मिनिट काहीच ऐकू आलं नव्हतं, ते अर्धं मिनिट परत आलं. ते माझ्या अंगात अजून तसंच आहे. अडीच वर्षं मी त्याच्याभोवती द्राक्षं चिरतेय, प्लग झाकतेय. आता पुढची सात पानंही अशीच असणार. मी मनात मिस्टर व्हिटलोंपुढे उभी राहून वाक्य जुळवायला लागले, इंग्रजीत, आणि प्रत्येक वाक्य 'मी' ने सुरू होऊन तिथेच अडत होतं. काकू म्हणाल्या, "पुढचं बघ." मी म्हटलं, नको. "बघ म्हणते ना."

चौथं पान पेन्सिलीने लिहिलेलं होतं. ओल्या कागदावर करड्या रेघा जशाच्या तशा, एकही आकडा हललेला नाही. पाचवं पेन्सिलीने. सहावं. अडीच महिने मी ही वही रोज हाताळत होते, आणि शाई संपून पेन्सिल कुठे सुरू होते याची मी नोंदच घेतली नव्हती. मी, जिला एका तक्त्यातली एक चूक लांबून दिसते. दहाव्या पानाची कड सुटायला पाच वाजले. काकूंनी ते उलटं केलं आणि मी वाचलं. चौथा क्वार्टर, दोन मिनिटं चाळीस सेकंद उरलेली, टॅलमनचा रनर एकतीस यार्ड, टचडाउन, म्हणजे सहा गुण, जादा गुणाची किक हुकली, बारा-सहा. आणि रनरच्या नंबरपुढे बारीक अक्षरात '६१ मधून'. हे सगळं मी आधी वाचलं होतं. पण ओल्या पानावर ते नव्याने लिहून आल्यासारखं दिसलं. मी खाली बसले. शिवांगी म्हणाली, "आई, व्हाय आर यू क्रायिंग?" काकू म्हणाल्या, "तुझ्या आईला परीक्षेत मार्क मिळालेत."

त्या संध्याकाळी मी त्यांना सांगायला गेले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी पडद्याआडून त्यांच्या घराकडे बघत होते. ते पेपर उचलायला आले, वाऱ्याकडे बघून परत आत गेले. तिसऱ्या दिवशी तेच आले, आमच्या पाइपाचं तोंड फावड्याने मोकळं करून, हात पुसत. मी दार उघडलं आणि बाजूला झाले. हॉलभर साड्या, साड्यांवर पानं, पानांवर शिवांगीच्या लाकडी ठोकळ्यांची वजनं. जुळवलेलं एकही वाक्य जागेवर नव्हतं. ते आत आले. मग गुडघ्यावर हात ठेवून, एकेक सांधा विचारत, निळ्या साडीपाशी बसले, आणि त्या निळ्या ढगांकडे बघून हसायला लागले. आवाज न करता, खांदे हलवत.

"त्या वर्षी आम्ही सगळं बघितलं, मिस सुमेधा," ते म्हणाले. "पूर तेवढा राहिला होता."

"माझ्यामुळे झालं. मला सांगितलं होतं लोकांनी."

"मला पण दिसत होतं तो पाइप आखूड आहे," ते म्हणाले, आणि थांबले. त्या थांबण्यात नोव्हेंबर होता की नव्हता, कुणास ठाऊक. मग त्यांनी तिसऱ्या पानावर बोट धरलं. "अलाबामाचा सामना. तिसरा. असा पाऊस, की बॉल कुठला आणि डोकं कुठलं कळत नव्हतं. शाई सगळी पसरली, पान पुन्हा उतरवावं लागलं. कोच त्या मुलीवर असा ओरडला, बस परत येईपर्यंत ओरडत होता. पुढच्या शनिवारी ती आली ती कोटाच्या बटणाला दोऱ्याने सहा पेन्सिली बांधून. कोचकडे बघितलंही नाही."

"कोण मुलगी?"

"अर्नेस्टिन. अर्नेस्टिन पूल. गणिताची. ही वही तिने लिहिली ना."

अडीच महिने. अडीच महिने मी त्या अक्षराच्या सोबतीने दुपारी काढल्या, त्या सरळ आखलेल्या रेघा, सातच्या पोटातली ती आडवी रेघ, आणि हे अक्षर कुणाचं, हा प्रश्न मला पडला नाही. मी धरूनच चालले होते की पुरुष. आणि मग मला दुसरी गोष्ट दिसली, मी उठून माझा तक्ता आणला. "मिस्टर व्हिटलो, हे बघा. बाकी कुणाच्याच वहीत असं लिहीत नसतील. ती नुसतं कोण पळालं ते लिहीत नाही. कुणाच्या जागेतून पळालं ते लिहिते. एकसष्ट मधून. एकसष्ट मधून. सीझनमध्ये एकूण अठ्ठेचाळीस वेळा." त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. एकसष्ट हा त्यांचा नंबर. वर्तमानपत्रांच्या कात्रणांत, त्या दहा आठवड्यांच्या, त्यांचं नाव एकदाही नाही. मी तपासलं होतं. "तिने हे लिहिलंय?" ते म्हणाले. "मी ही वही कधी नीट वाचलीच नव्हती. मला वाटलं, यात माझं काय असणार."

त्यांच्या मुलीने, लॉरेनने, कुठून कुठून चौकशी करून अर्नेस्टिन पूलचा नंबर काढला. ओहायोतल्या डेटनमध्ये एकट्या राहतात, चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, लग्न केलं नाही. मिस्टर व्हिटलोंनी आधी बोलून मग फोन माझ्याकडे दिला. त्यांचा आवाज कोरडा होता, वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. त्यांनी मला पहिला प्रश्न विचारला तो असा: "माझ्या रेघा अजून सरळ आहेत का?" मी म्हटलं, आहेत. मग मी विचारलं, तुम्ही गार्डचे नंबर का लिहिलेत? "मुलं खेळत होती," त्या म्हणाल्या, "बाकी सगळे ओरडत होते. कुणीतरी न ओरडता बघायला हवं होतं. तुला लेकरं आहेत?" एक मुलगी, मी म्हटलं. "मग तुला माहीत आहे." त्यानंतर मी ओट्यापाशी बराच वेळ उभी राहिले. मला आजवर माझं बघत राहणं हा आजार वाटत आला होता. सासूबाईंना वाटतो, संग्रामला वाटतो, तो प्रेमाने म्हणतो, "तू सीसीटीव्ही आहेस." पण त्या बाईने ते असं म्हटलं, जणू ती एक जागा आहे, मैदानाच्या कडेची, आणि तिथे कुणीतरी उभं राहणं भाग असतं.

सात पानं एकोणतीस मार्चला गेली, स्कॅन करून, आणि त्याबरोबर अर्नेस्टिनबाईंनी सही करून पाठवलेलं पत्र: ही वही माझ्या हातची आहे. कमिटीचं उत्तर नवव्या दिवशी आलं, दोन ओळींचं.

एप्रिलच्या एका शनिवारी आम्ही टेनेसीत होतो. संग्रामने नऊ तास गाडी चालवली, मागे कारसीटमध्ये शिवांगी, तिच्या शेजारी मिस्टर व्हिटलो, दोघांनी मिळून चकल्यांचा डबा संपवला. वाटेत आम्ही खायला तीनदा थांबलो. प्रत्येक ठिकाणी ते आधी गाडीतून उतरायचे, हॉटेलाचं दार उघडून धरायचे आणि आम्हाला आत जाऊ द्यायचे. मग सावकाश मागून येऊन खिडकीपाशी बसायचे आणि दुखरा पाय टेबलाखाली लांब करायचे. टॅलमनच्या इमारती आता नाहीत. मैदान तेवढं गावाने राखलंय, त्याला विटांची भिंत, भिंतीवर चादरीने झाकलेली पाटी. दोनशे माणसं असतील, टोप्या घातलेल्या म्हाताऱ्या बायका, नातवंडं, एक बँड. पन्नासच्या टीममधले चार जण उरलेत, त्यांतले एक व्हीलचेअरवर. चादर काढली. एकाखाली एक दहा ओळी. दहावी वाचायला सगळे पुढे सरकले. बारा-सहा. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत आधी. एक म्हातारी बाई नुसती "हं," म्हणाली, हिशेब जुळल्यावर म्हणतात तसं, आणि मग टाळ्या-आरोळ्यांचा आवाज उठला, तो संपेचना.

मग ते चौघे मैदानात गेले. कुणी सांगितलं नव्हतं. रांग धरली, व्हीलचेअर मध्यभागी. "सेंटर बसूनच असतो," कुणीतरी म्हणालं. मिस्टर व्हिटलो डावीकडे, सत्त्याहत्तर वर्षांचे, सुटाच्या पँटमध्ये, एक हात गवतावर टेकून खाली गेले. लॉरेन ओरडली, "डॅडी, गुडघा." त्यांनी ऐकलं नाही. शेजारच्या म्हाताऱ्याने काहीतरी आकडे पुकारले आणि ते पुढे रेटले गेले, समोर कुणी नसताना, दोन पावलं, आणि बाजूला झाले. तिथे एक वाट उघडली. माझा हात शिवांगीच्या हातावर होता. तिने झटका दिला. मला ते सगळं दिसलं, उंचसखल गवत, व्हीलचेअरचं चाक, बँडवाल्यांचे बूट, सगळ्या शक्यता. आणि मी हात सोडला. ती आबांच्या बाजूने पळत गेली, लाल स्वेटर, हातात कुणीतरी दिलेला फुगा पोटाशी धरून, त्या वाटेने, पार पलीकडच्या खांबापर्यंत, आणि दोनशे माणसं तिच्या मागे ओरडत होती. मिस्टर व्हिटलो गवतात बसले होते, मान वळवून ती कुठवर जाते ते बघत. "एकसष्ट मधून," मी म्हटलं. मराठीतच. कुणाला कळलं नाही.

अर्नेस्टिनबाई आल्या नव्हत्या. मला प्रवास झेपत नाही, असं म्हणाल्या होत्या. आम्ही त्यांना पाटीचा फोटो पाठवला, त्यांचं उत्तर आलं: दहाव्या ओळीतला स्वल्पविराम चुकलाय. मे, जून, जुलै, आम्ही दर रविवारी बोलत होतो. त्या मला जुने गणिती कूटप्रश्न घालायच्या, मी चुकले की आनंदून जायच्या. ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारपासून फोन वाजतो आणि कुणी उचलत नाही. लॉरेनने तिथल्या पोलिसांना विचारलं. त्यांनी सांगितलं, घर बंद आहे, मोडतोड नाही, पेटीतली पत्रं कुणीतरी नेतं. मग ते कुणीतरी कोण? मिस्टर व्हिटलोंचा गुडघा त्या दिवसापासून धरलाय, ते गाडी चालवत नाहीत. मला सातवा महिना आहे, डॉक्टर लांबच्या प्रवासाला नाही म्हणतात. संग्रामच्या ऑफिसात सॉफ्टवेअरचं रिलीज आहे, डिसेंबरपर्यंत त्याला सुट्टी नाही.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी हे छापायचं कबूल केलंय, आणि त्यांच्याकडे मी अर्नेस्टिनबाईंचा पत्ता देऊन ठेवलाय, मागितला तर देतील. डेटनमध्ये आपली माणसं आहेत, हॉस्पिटलांत, आयटीत, विमानतळाच्या बाजूच्या नव्या घरांमध्ये. तुमच्यापैकी कुणीतरी एका शनिवारी तिकडे जा. त्यांनीच फोनवर सांगितलंय, घर उतारावर आहे, पिवळ्या विटांचं, पायऱ्या सात. बेल वाजवा, मागच्या दाराकडे जाऊन तेही वाजवा, शेजारी विचारा. त्या दार उघडायला वेळ लावतात, आधी खिडकीतून पूर्ण बघून घेतात कोण आलंय ते. तेवढं बघून होऊ द्या. लगेच परत फिरू नका.